परदेशातला देणेकरी आणि मुंबईतलं कोर्ट

या वेळी आलेल्या पत्रांत चार पत्रं एकाच अडचणीची आहेत: पैसे आपले, अडकलेत मात्र परदेशी माणसाकडे किंवा परदेशात जाऊन बसलेल्या आपल्याच माणसाकडे. रक्कम हजारांत नाहीतर दोन-चार लाखांत. अशा वेळी बहुतेक वकील ‘नाद सोडा’ म्हणतात, आणि माझा राग त्यावरच आहे. म्हणून पहिल्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते. वाचकांची नावं नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न: वकीलताई, मी भांडुपला राहते, चित्रं काढण्याचा व्यवसाय आहे. लंडनच्या एका छोट्या कंपनीला मुलांच्या ॲपसाठी चोवीस चित्रं करून दिली. दर मी ई-मेलनं कळवला, त्यांचं उत्तर आलं, ‘ठरलं, कामाला लागा.’ वेगळं करारपत्र नाही. चित्रं ॲपमध्ये झळकताहेत, पण १,९०० पौंडांचं बिल आठ महिने थकलंय. आधी ‘अकाउंट्सकडे दिलंय’ म्हणायचे, आता उत्तरच देत नाहीत. माझी उद्यम नोंदणी (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) आहे, म्हणून एकानं समाधान पोर्टल सुचवलं. दुसरे म्हणतात, धोबी तलावच्या स्मॉल कॉज कोर्टात दावा लावा. कुठे जाऊ? की सोडून देऊ?

उत्तर: सोडून देऊ नका. ती कंपनी आजही तुमच्या चित्रांवर धंदा करते आहे.

सुचवलेले दोन्ही रस्ते मात्र बंद आहेत. समाधान पोर्टलवरची तक्रार सूक्ष्म व लघु उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. २००६च्या कायद्याच्या कलम १८मध्ये स्पष्ट लिहिलंय की पुरवठादार कौन्सिलच्या हद्दीत हवा आणि खरेदीदार ‘भारतात कुठेही’ असला तरी चालेल. लंडन त्यात बसत नाही. देशातल्या गिऱ्हाईकानं थकवलं असतं तर ४५ दिवसांची मुदत आणि बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, असा चांगला हिसका तुमच्या हाती होता. परदेशी गिऱ्हाईकाला तो लागत नाही.

स्मॉल कॉज कोर्ट, म्हणजे आपलं लघुवाद न्यायालय, १८८२च्या कायद्यावर चालतं. पैशाच्या दाव्यासाठी तिथली मर्यादा फक्त १०,००० रुपये आहे. त्यामुळे तिथे आज गर्दी दिसते ती मुख्यतः भाडेकरू आणि घरमालकांची. तुमची रक्कम दोन लाखांच्या वर जाते. तो दावा ओव्हल मैदानासमोर जुन्या सचिवालयाच्या इमारतीत भरणाऱ्या सिटी सिव्हिल कोर्टाचा. (उपनगरांतल्या काही भागांसाठी ते दिंडोशीला बसतं.) जानेवारी २०२४पासून या कोर्टाची मर्यादा दहा कोटींपर्यंत गेली आहे. रक्कम तीन लाख किंवा जास्त असती तर तो व्यापारी वाद ठरला असता आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल तर दाव्याआधी मध्यस्थी करणं बंधनकारक झालं असतं. तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आहात.

आता खरा मुद्दा. प्रतिवादी लंडनचा, मग मुंबईचं कोर्ट ऐकेल का? ऐकेल. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम २० म्हणतं, प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथे दावा लावा, किंवा दाव्याचं कारण पूर्ण वा अंशतः जिथे घडलं तिथे लावा. हे ‘अंशतः’ तुमच्या कामाचं आहे.

करार कुठे झाला ते बघू. १९६५ साली सुप्रीम कोर्टापुढे खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचं प्रकरण गेलं होतं. अहमदाबादच्या व्यापाऱ्यानं सरकी पेंडीचा सौदा फोनवर मांडला, खामगावहून फोनवरच होकार आला, पेंड काही आली नाही. दावा अहमदाबादला लावायचा की खामगावला? बहुमतानं निकाल लागला: होकार जिथे ऐकू आला तिथे करार झाला, म्हणजे अहमदाबादला. तुमच्याकडे दर कळवला तुम्ही, होकार येऊन पोचला तो तुमच्या भांडुपच्या मेलबॉक्समध्ये. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार ई-मेल मिळाल्याची जागा म्हणजे मिळवणाऱ्याच्या धंद्याची जागा. शिवाय पैसे कुठे द्यायचे हे ठरलेलं नसेल तर देणेकऱ्यानं धनकोकडे, म्हणजे ज्याचे पैसे आहेत त्याच्याकडे, यायचं, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं कोर्ट) १९२७ साली रंगूनच्या एका प्रकरणात मानलं होतं आणि आपली कोर्टं ते वापरत आली आहेत. तुमच्या बिलावर तुमच्या बँकेचा खाते क्रमांक आहेच. एवढ्यावर मुंबईचं कोर्ट दावा दाखल करून घेईल.

पण एक गोष्ट आधी तपासा. त्यांच्या ई-मेलच्या तळाशी किंवा पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरात ‘वाद फक्त इंग्लंडच्या कोर्टात’ असं कलम असेल, तर आपली कोर्टं सहसा ते पाळायला लावतात.

मग लावू का दावा मुंबईत, असं तुम्ही विचाराल. माझं उत्तर, नका लावू.

मुंबईत दावा लावलात की समन्स लंडनला बजावावं लागेल. १९६५च्या हेग कराराप्रमाणे ते तिथल्या मध्यवर्ती प्राधिकरणामार्फत जातं आणि त्यात महिने जातात. कंपनी हजर झाली नाही तर एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे पैसे देण्याचा कोर्टाचा निकाल, मिळेल. तो वसूल कुठे करणार? कंपनीचं भारतात ऑफिस नाही, खातं नाही, खुर्चीसुद्धा नाही. हुकूमनामा घेऊन इंग्लंडला जावं लागेल, आणि तिथलं कोर्ट पहिला प्रश्न विचारेल: ही कंपनी मुंबईत धंदा करत होती का? मुंबईच्या कोर्टात येऊन तिनं बचाव केला होता का? मुंबईचं कोर्ट चालेल असं तिनं आधी कबूल केलं होतं का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असली की हुकूमनामा तिथे चालत नाही. दोन्ही देश एकमेकांचे निकाल मानतात हे खरं, पण याच अटीवर.

हा नियम आपल्याच मातीतून गेलेला आहे. फरीदकोटच्या राजानं आपल्या माजी खजिनदारावर फरीदकोटच्या कोर्टात पैशाचा दावा लावला होता. खजिनदार नोकरी सोडून संस्थानाबाहेर गेला होता, हजर झाला नाही. एकतर्फी हुकूमनामा झाला आणि राजाची माणसं तो घेऊन लाहोरला, ब्रिटिश हिंदुस्थानच्या कोर्टात गेली. १८९४ साली प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की जो माणूस त्या मुलखात राहत नाही आणि ज्यानं त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला नाही, त्याच्यावरचा असा हुकूमनामा बाहेरच्या कोर्टांच्या लेखी शून्य आहे. राजाला जे जमलं नाही ते भांडुपच्या चित्रकारानं वर्षानुवर्षं फी भरून का करायचं?

म्हणून माझ्याकडे असा पक्षकार आला की मी आधी विचारते, त्याचा पैसा कुठे आहे? तुमच्या कंपनीचा पैसा लंडनमध्ये आहे, तेव्हा तिच्या घरच्या कोर्टातच चला. भीती वाटते, पण लहान रकमेसाठी तिथली सोय आपल्यापेक्षा पुष्कळ बरी आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये १०,००० पौंडांपर्यंतचा साधा पैशाचा दावा ‘स्मॉल क्लेम्स ट्रॅक’वर चालतो. तिथे वकिलाशिवाय स्वतः उभं राहणं ही नेहमीची गोष्ट आहे. हरलात तरी समोरच्याच्या वकिलाचं बिल सहसा तुमच्यावर पडत नाही. १,५०० ते ३,००० पौंडांमधल्या दाव्याची दाखल फी ११५ पौंड आहे (सुनावणीची फी वेगळी, भरण्याआधी तिथल्या सरकारी संकेतस्थळावर पाहून घ्या). जिंकलात तर या फीया कंपनीकडून मिळतात. मे २०२४पासून अशा दाव्यांत तासाभराची फोनवरची मोफत मध्यस्थी सक्तीची झाली आहे. मला हे तुमच्या फायद्याचं वाटतं, कारण मध्यस्थ भांडुपच्या फोनवरही येऊ शकतो. दोन्ही बाजू राजी असतील तर नुसत्या कागदपत्रांवरही निकाल होतो.

अडचण एकच. दाव्यात तुम्हाला ब्रिटनमधला पत्ता द्यावा लागतो, जिथे कोर्टाची पत्रं येतील. लंडनला मावसबहीण असेल, लेस्टरला कॉलेजातली मैत्रीण असेल, तर तिची परवानगी घेऊन तिचा पत्ता चालतो. पण पत्र आल्या दिवशी फोटो काढून पाठवणारी व्यक्ती निवडा. तिथल्या तारखा चुकल्या की दावा हातचा जातो.

कामाला कशी सुरुवात करायची ते सांगते. आजच कंपनीज हाऊसच्या (ब्रिटनमधलं कंपन्यांच्या नोंदणीचं सरकारी कार्यालय) संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. फुकट आहे. नोंदणीकृत पत्ता मिळेल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कंपनी जिवंत आहे की नाही ते कळेल. तिचं नाव नोंदवहीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव आहे असं दिसलं, तर घाई करा. धनको म्हणून तुम्हाला तिथे हरकत नोंदवता येते, बिल जोडून. असा प्रस्ताव मुदतीत अडवला नाही तर दावा लावायला कंपनीच उरत नाही.

कंपनी चालू असेल तर नोंदणीकृत पत्त्यावर टपालानं आणि शिवाय ई-मेलनं एक पत्र पाठवा. विनवण्या नकोत, राग नको. काम काय, कधी दिलं, बिलाचा क्रमांक, रक्कम, आणि ‘१४ दिवसांत न मिळाल्यास इंग्लंडच्या काउंटी कोर्टात दावा दाखल करीन’ एवढंच लिहा. दर कळवल्याची मेल, होकाराची मेल, चित्रं पोचल्याची पावती आणि ॲपमध्ये तुमची चित्रं दिसतात त्याचे स्क्रीनशॉट जोडा. स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, उद्या ती चित्रं बदलतील. पुष्कळ कंपन्या या पत्राला जागतात. कारण तिथे निकाल विरोधात गेला आणि महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर नाव निकालांच्या नोंदवहीत सहा वर्षं राहतं, आणि मग बँक कर्ज देताना दहादा विचार करते.

मुदतीबद्दल सावध करते. इंग्लंडमध्ये कराराच्या दाव्याला सहा वर्षं असतात असं कुणी सांगेल. पण तुमच्यासारख्या सेवेच्या करारात कायदा कोणत्या देशाचा हे ठरलेलं नसेल तर साधारणपणे सेवा देणाऱ्याच्या देशाचा, म्हणजे भारताचा कायदा लागतो, आणि तिथलं कोर्ट मुदतही त्याच देशाची मोजतं. आपली मुदत तीन वर्षांची. काम पूर्ण करून दिल्याच्या तारखेपासून मोजा आणि त्याच्या बरंच आत दावा लावा.

हेच गिऱ्हाईक मुंबईतल्या एखाद्या कंपनीकडूनही पैसे घेणं लागत असतं, तर माझा सल्ला उलटा झाला असता. गिऱ्हाईकाचं ते येणं इथेच अडवता आलं असतं. तसं काही तुमच्या कानावर असेल तर कळवा.

प्रश्न: मी लालबागला राहतो, बँकेतून निवृत्त झालो. शेजारच्या मुलाला शारजाला नोकरीसाठी जायचं होतं म्हणून दोन वर्षांपूर्वी चार लाख रुपये चेकनं दिले. त्यानं प्रॉमिसरी नोट लिहून दिली. आता तो फोन उचलत नाही. व्हॉट्सॲपवर मात्र ‘काका, दिवाळीनंतर देतो’ असं येतं. कोणती दिवाळी ते सांगत नाही. चेंबूरला त्याच्या नावावर फ्लॅट आहे. शारजाच्या कोर्टात जावं लागेल का?

उत्तर: काका, नाही. तुम्ही मुंबईतच लावा.

तो परदेशात राहतो, पण पैसे मुंबईत दिले गेले, नोट मुंबईत लिहिली गेली, आणि मुख्य म्हणजे वसूल करण्याजोगी मालमत्ता चेंबूरला आहे. पहिल्या पत्रातल्या बाईंकडे हेच नव्हतं. शारजाला गेलात तर सगळे कागद अरबीत भाषांतर करून द्यावे लागतील, तिथला वकील लागेल. त्याची गरज नाही. उसने दिलेले पैसे हा व्यापारी वाद नसल्यानं मध्यस्थीची अटही तुम्हाला नाही.

प्रॉमिसरी नोटेवर ‘समरी सूट’ लावता येतो, संहितेच्या ऑर्डर ३७ खाली. समन्स मिळाल्यावर प्रतिवादीला दहा दिवसांत हजेरी लावावी लागते आणि बचाव करायला कोर्टाची परवानगी मागावी लागते. ती मिळाली नाही तर निकाल तुमचा.

पण आधी कपाटातून नोट काढा आणि तिच्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावर आडवी सही आहे का ते बघा. तिकीट नसलेली प्रॉमिसरी नोट पुरावा म्हणून घेतली जात नाही, नंतर दंड भरूनही ती सुधारत नाही. तसं असेल तरी धीर सोडू नका. तुमच्या पासबुकात चेक वटल्याची नोंद आहे, दावा मूळ कर्जावर लावता येतो. तिकीट असेल आणि व्याजाचा दर लिहिलेला नसेल, तर पैसे द्यायला हवे होते त्या तारखेपासून १८ टक्के दरानं व्याज मागता येतं.

फ्लॅटची काळजी मला जास्त वाटते. त्यानं तो विकला तर हातात काहीच राहणार नाही. निकालाआधी जप्तीचा अर्ज करता येतो, पण नुसती शंका पुरत नाही. पैसे बुडवायच्या हेतूनं तो मालमत्ता घालवतो आहे असं दाखवावं लागतं, आणि सुप्रीम कोर्टानं २००७ साली ही अट कडकच ठेवली आहे. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोला, इस्टेट एजंटांकडे चौकशी करा. फ्लॅट विकायला काढल्याची जाहिरात दिसली तर तारखेसह जपून ठेवा. वकिलाला अर्जासोबत तीच लागेल.

समन्स शारजाला बजावायला भारत आणि संयुक्त अरब अमिरातींमध्ये १९९९चा करार आहे. सोबत ई-मेल आणि व्हॉट्सॲपवरही बजावणीची परवानगी मागा. मुंबई हायकोर्टानं २०१८ साली एका प्रकरणात व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणा पाहून नोटीस पोचल्याचं मान्य केलं होतं. तो देणेकरी इथलाच होता, तरी कोर्टाला दाखवायला दाखला चांगला आहे.

प्रतिवादी भारताबाहेर असतो तो काळ मुदतीतून वगळला जातो, असं मुदतीच्या कायद्याचं कलम १५ म्हणतं. त्यावर विसंबू नका. सुट्टीवर आलेले दिवस मोजले जातात, आणि तो कधी आला-गेला हे सिद्ध करत बसणं तुमच्या वयाला नको. चेक वटल्यापासून तीन वर्षं पुरी व्हायच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. तुमच्याकडे वर्षही राहिलेलं नाही. व्हॉट्सॲपचे संदेश पुसू नका, फोन बदलू नका. कोर्टात ते दाखवायला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, वकील ते करून देतील.

प्रश्न: परदेशी संकेतस्थळावरून हॉटेल बुक केलं, रद्द झालं, ४२,००० रुपये परत देत नाहीत. बोरिवलीहून तक्रार कुठे करू?

उत्तर: जिल्हा ग्राहक आयोगाकडे. २०१९च्या कायद्यानं तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंत फी नाही. भारतातल्या ग्राहकांना नेमानं सेवा विकणाऱ्या परदेशी संकेतस्थळांना २०२०चे ई-कॉमर्स नियम लागू आहेत. पण क्रेडिट कार्डानं पैसे भरले असतील तर आधी कार्डाच्या बँकेकडे ‘चार्जबॅक’, म्हणजे भरलेले पैसे बँकेमार्फत परत, मागा. त्याची मुदत फार थोडी असते, तेव्हा हा अंक खाली ठेवून आजच लेखी अर्ज द्या.

प्रश्न: आमचा दादरला केटरिंगचा व्यवसाय आहे. मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीच्या कार्यक्रमाला जेवण दिलं. ८६,००० रुपये येणं आहे. तिथले एक गृहस्थ म्हणाले, ‘आमच्यावर दावाच लागत नाही.’ हे खरं आहे का?

उत्तर: अर्धंच खरं आहे. परदेशी राष्ट्रावर दावा लावायचा तर संहितेच्या कलम ८६प्रमाणे केंद्र सरकारची लेखी संमती आधी लागते. ती परराष्ट्र मंत्रालयाकडे मागायची. ते राष्ट्र इथे व्यापार करत असेल तर संमती मिळू शकते, पण कार्यक्रमाचं जेवण मागवणं म्हणजे व्यापार म्हणता येणार नाही. म्हणून तो रस्ता लांबचा आहे.

त्याआधी ऑर्डर कुणी दिली होती ते काढा. अशा कार्यक्रमांचं काम बरेचदा एखाद्या इव्हेंट कंपनीकडे असतं. ऑर्डरची मेल, ॲडव्हान्सचा चेक किंवा जीएसटी बिलावरचं नाव त्या कंपनीचं असेल, तर तुमचा देणेकरी मुंबईचाच आहे आणि त्याच्यावर सिटी सिव्हिल कोर्टात सरळ दावा लागतो. तुमची उद्यम नोंदणी असेल तर त्याच्याविरुद्ध समाधान पोर्टलही चालेल. ऑर्डर एखाद्या अधिकाऱ्यानं घरच्या समारंभासाठी, स्वतःच्या नावानं दिली असेल, तर वाणिज्य दूतांविषयीचा १९६३चा व्हिएन्ना करारही त्याला पाठीशी घालत नाही. राष्ट्राचा प्रतिनिधी म्हणून न केलेल्या करारावरच्या दिवाणी दाव्याला त्या करारानं संरक्षण दिलेलं नाही.

ऑर्डर खरोखर वकिलातीचीच असेल, तर वकिलातीच्या प्रमुखांच्या नावे बिल आणि पोच जोडून एक सभ्य पत्र लिहा आणि त्याची प्रत परराष्ट्र मंत्रालयाला पाठवा. मेन्यूची यादी, किती ताटं झाली त्यावर तिथल्या माणसाची सही, आणि त्या संध्याकाळच्या टेम्पोची गेटपास पावती, हे तिन्ही कागद एका फाइलला लावून मला दाखवायला आणा.